शादियाबादेत प्युअर व्हेज

नालछ्याला चहासाठी गाडी थांबली, तर साडूभाऊ मोबाइलवर ‘जवळचं प्युअर व्हेज’ शोधत बसले. समोरच्या टपरीवर कचोऱ्या तळल्या जात होत्या. शेजारी शेवेचा ढीग, त्याच्या शेजारी आणखी एक शेवेचा ढीग. माळव्यात शाकाहारी हॉटेल शोधणं म्हणजे पंढरपुरात टाळ शोधणं. पण साडूभाऊ ठाण्याचे. पाटी वाचल्याशिवाय त्यांना पचत नाही.

खरं तर सकाळी इंदुरातच त्यांची खात्री पटायला हवी होती. तिथे वाफेवरचे पोहे, त्यावर शेव, त्यावर जिरावनचा मसाला आणि सोबत गरम जिलबी आली. मेव्हणीबाईंनी ताटलीकडे बघून विचारलं, “भावजी, ओलं खोबरं विसरला वाटतं हा?” मग पोह्याचा एक घास, जिलबीचा एक तुकडा, असं करत त्यांनी ताटली संपवली आणि खोबऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

आम्ही निघालो होतो एका महानगराला. मांडू ही पंधराव्या शतकात माळव्याच्या सुलतानांची राजधानी. नाव शादियाबाद, म्हणजे आनंदनगर. नंतर वस्ती उठली, महाल तेवढे राहिले. नालछा धारहून मांडूला जाणाऱ्या रस्त्यावर लागतं, म्हणजे आपल्या भाषेत त्या महानगराचं उपनगर. इथल्या एका जुन्या महालात इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम मुक्कामाला असे. महालात आधी एक वाघीण राहत होती, तिला हाकलून साहेबाने बिऱ्हाड मांडलं, अशी गोष्ट सांगतात. साडूभाऊंनी मोबाइल खाली ठेवला. “पागडी नाही, कोर्ट नाही, जागा रिकामी!” ठाण्याच्या माणसाला इतिहासात एवढा रस आलेला मी प्रथमच पाहिला.

मांडूत गाइड भेटला. त्याने मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्यामधला जहाज महाल दाखवला. हा महाल सुलतान गियासुद्दीन खिलजीचा म्हणतात. 1469 मध्ये गादीवर आल्यावर त्याने राज्यकारभार मुलावर सोपवला आणि स्वतः खाण्यापिण्यात लक्ष घातलं. त्याच्या स्वयंपाकघरातल्या पाककृतींचं सचित्र पुस्तक तयार झालं, ‘निमतनामा’. त्यात समोशांच्याच कितीतरी कृती आहेत. चित्रांत मिशाळ सुलतान बसलेला आणि आजूबाजूला बायका रांधताहेत. पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, म्हणजे शहर इथे आणि मेनूकार्ड तिकडे. पुढे त्या कर्त्या मुलानेच बापाला विष घातलं, अशी वदंता आहे. जन्मभर चवी घेणाऱ्या माणसाला नेमकी तीच चव कळू नये?

“त्या समोशांत काय घालायचे?” साडूभाऊंनी विचारलं. गाइड म्हणाला, “बरेचदा खिमा.” साडूभाऊ जहाजावरून उतरले.

मग भुकेल्या पोटी ‘गदा शाहचं दुकान’ नावाची जुनी वास्तू पाहिली. ‘दुकान’ म्हटल्यावर मेव्हणीबाईंना उगाच आशा वाटली होती. दगडी भिंती दोन मजले उंच, गिऱ्हाइकाच्या स्वागताला एक बकरी. पुढे दाईचा महाल लागला. त्याच्यापुढे दाईच्या धाकट्या बहिणीचा महाल. मी हे रचत नाही, फलकावर तसंच नाव आहे. बायको आणि मेव्हणीबाई त्या फलकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. थोरल्या बहिणीच्या कर्तबगारीवर धाकटीला महाल मिळतो, हा मुद्दा त्या दिवशी आमच्या गाडीत बराच चर्चिला गेला. धाकटीचा नवरा मात्र खिडकीतून बाहेर बघत होता.

शेवटी एका छपराखाली बसलो. तिथे दाल-पानिया मिळत होतं: मक्याच्या पिठाची जाड चकती पानांच्या मध्ये दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात, मग ती कुस्करून त्यावर तूप आणि डाळ. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या घासालाच आम्ही सगळे गप्प झालो. साडूभाऊंनी मात्र राखेकडे बोट दाखवून मालकाला विचारलं, “प्युअर व्हेज आहे ना?”

मालक विस्तव फुंकता फुंकता म्हणाला, “साब, मक्का है, दाल है, कंडे हैं. और कंडे देनेवाली गाय भी शाकाहारी है.”

साडूभाऊंनी आणखी एक पानिया मागवला.