मी यांना ओळखतो

वकिलांवर नाटकं झाली, सिनेमे झाले, मालिकांमध्ये तर दर आठवड्याला कुणीतरी 'ऑब्जेक्शन' म्हणत ताडकन उठतं. पण न्यायाच्या कारभारातलं मला सर्वांत थोर वाटणारं वाक्य कुठल्याच नाटकात नाही. ते प्रतिज्ञापत्राच्या तळाशी, रबरी शिक्क्यानं जरा तिरकं उमटलेलं असतं : 'मी प्रतिज्ञार्थीस ओळखतो.' आणि खाली एका वकिलाची सही.

ही ओळख साधारण झेरॉक्स निघेपर्यंतची असते. नेरूळमध्ये नोटरीच्या टेबलाशी आपण आधार कार्ड पुढे करतो. वकीलसाहेब कार्डावरचा फोटो पाहतात, मग आपल्याकडे पाहतात, मग पुन्हा फोटोकडे. आधारवरच्या फोटोत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी येते. तरीही ते उदार मनानं सही ठोकतात. शेजारचे नोटरी लाल सील डकवतात, तिकीट लावतात, जाडजूड रजिस्टर आपल्याकडे सरकवतात आणि बोटानं जागा दाखवून म्हणतात, "इथं, आणि इथं." १९५२च्या नोटरी कायद्यानं दिलेला अधिकार त्या बोटात असतो. आपण उठतो तेव्हा नेरूळमध्ये आपल्याला ओळखणारी माणसं दोनानं वाढलेली असतात.

ही वाढ क्षुल्लक समजू नये. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या भाताच्या शेतांवर आणि मिठागरांवर सेक्टर आखले गेले. त्यात कुणी साताऱ्याहून आलं, कुणी केरळातून, कुणी चेंबूरच्या एका खोलीतून. आम्ही एकमेकांना फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. 'तीनशे दोनच्या बाथरूममधून पाणी गळतंय' म्हटलं की पुरे. तिथं राहतं कोण, हे सेक्रेटरीलाही वही पाहून सांगावं लागतं. या तीनशे दोनवाल्यांची वर्षानुवर्षं खुनाच्या कलमावरून चेष्टा व्हायची. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम १०३ झालं आणि ती चेष्टा दोन मजले खाली उतरली. नव्या पत्त्यावर अजून कुणी तिचं नीट स्वागत केलेलं नाही.

कायदा मात्र अजून गावात राहतो. झडती घ्यायची तर 'त्या परिसरातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' असे निदान दोन रहिवासी हवेत, असं तो सांगतो. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १०३ होतं, १९७३च्या संहितेत १०० झालं आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत फिरून १०३वर आलं. सव्वाशे वर्षांत त्यानं एवढीच हालचाल केली. आता आमच्या सेक्टरमध्ये रात्री साडेदहाला दोन प्रतिष्ठित माणसं शोधून पाहा. स्वतंत्र मिळतील, नको तितकी स्वतंत्र आहेत. पण हवालदारानं 'साहेब, जरा पंच म्हणून' एवढं म्हटलं, की त्यांची प्रतिष्ठा चप्पल घालून जिना चढू लागते. लेखी हुकूम दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, हे त्या वेळी त्यांना कुणी सांगत नाही. मग शेवटी जो उभा राहतो तो बहुधा कोपऱ्यावरचा टपरीवाला. त्याला पुढे कधीतरी समन्स येतं, धंदा बंद ठेवून तो लोकलनं दोन स्टेशनं पलीकडे बेलापूरच्या कोर्टात जातो आणि बचावाचे वकील त्याला विचारतात, "तुम्ही नेहमीचेच पंच ना?" आम्ही तीनशेजण घरात बसलो म्हणून तो नेहमीचा झाला, हे उलटतपासणीत सांगायची सोय नसते.

ओळखीच्या बाबतीत वकिलांचं बरं असतं. त्यांना कोट ओळखून देतो. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही, अशी सवलत नियमांतच आहे. तरी मे महिन्यात नेरूळच्या फलाटावर तो हातावर टाकलेला दिसतोच. खरी दया येते ती बेलिफाची. त्याच्या अंगावर ना कोट, ना पाठीशी अशिलांचा घोळका. हातात १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते ती कामं. समन्स पक्षकाराच्या हातात द्यावं. तो नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाला. नोकर मात्र घरातला समजू नये. कुणी घेतच नसेल तर दारावर चिकटवावं आणि अहवालात ते घर ओळखून दाखवणाऱ्याचं नावगाव लिहावं. स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम तर ढोल वाजवून किंवा चालत आलेल्या रिवाजानं पुकारावा. सेक्टर एकोणीसमध्ये ढोल वाजला तर लोक गॅलरीत येऊन, यंदा आगमन मिरवणूक इतक्या लवकर कशी, एवढंच विचारतील.

आणि ढोलापर्यंत जाणार कोण? बेलिफ आधी गेटवरच अडतो. वॉचमन मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नाव, फ्लॅट आणि 'कामाचं स्वरूप' टाकायला सांगतो. तिथं डिलिव्हरी, पाहुणे, मोलकरीण असे पर्याय आहेत, न्यायसंस्था नाही. डिलिव्हरी निवडली तर वरून उत्तर येतं : 'गेटवर ठेवा.'

मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१८मध्ये हा गुंता एका प्रकरणात सरळ सोडवला. नोटीस टाळणाऱ्या माणसाला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफनं पाठवली होती. ती पोहोचली आणि उघडलीही, हे खुणांवरून दिसत होतं, म्हणून बजावणी मान्य झाली. त्या निळ्या बरोबरच्या खुणेला कायद्यानं तेव्हा जे वजन दिलं, ते आमच्या घरात आधीपासून होतं. 'वाचलंस ना? मग उत्तर का नाही?' हा खटला तिथं रोज चालतो आणि त्याला तारीख मिळत नाही.

पण बेलिफाच्या जिवात जीव यावा अशी जागाही याच नेरूळमध्ये आहे. शिरवणे, सारसोळे, करावे ही जुनी गावठाणं सेक्टरांच्या मधे अजून टिकून आहेत. तिथं प्लॉट नंबर विचारायचा नसतो. नाव अर्धं उच्चारलं की तीनजण हात दाखवतात, चौथा तर सोबत चालायला लागतो. वडील कोण, आजोबांची होडी कुठली, जमीन संपादनात किती गेली, सगळं वाटेत कळतं. १९०८च्या कायदेकर्त्यांना डोळ्यांसमोर दिसलं असेल ते हेच. फक्त कागदी माणूस आलाय ही बातमी त्याच्यापेक्षा वेगानं चालते. तो दारात पोचतो तेव्हा ज्याच्या नावाचा कागद आहे तो कधीकधी उरणच्या बहिणीकडे गेलेला असतो, आणि घर ओळखून दाखवणारेच शपथेवर सांगतात की गडी चार दिवस दिसलाच नाही. मग नोटीस दारावर लागते. संध्याकाळपर्यंत ती, एक तो सोडून, सगळ्या आळीनं वाचलेली असते.