अर्धं शटर

2017च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 8 दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा दिली. मालकाला असल्या कुबड्या लागत नाहीत हे कायद्याने ओळखलं, त्याबद्दल सरकारचं अभिनंदन.

आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ सुट्टी घेतात ती अर्ध्या शटरची. सोमवारी शटर कमरेपर्यंत खाली, आत दिवा चालू. गिऱ्हाईक ओणवं होऊन "अर्धा किलो रवा" म्हणतं आणि पुडा गुडघ्याच्या उंचीवरून बाहेर येतो. दोघांचाही व्यायाम होतो. गेल्या मे महिन्यात शेठ सहकुटुंब महाबळेश्वरला गेले, तेव्हाही आम्ही त्यांना एकटं पडू दिलं नाही. हिंग कुठल्या बरणीत आहे, हे त्यांनी वेण्णा तलावातल्या होडीतून पुतण्याला सांगितलं. (उधारीची वही मात्र सोबत नेली होती. निसर्ग आपल्या जागी.)

थोरल्या शेठजींनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, पूर्ण दिवसाची सुट्टी एकदाच घेतली. फळ्यावर खडूने स्वच्छ लिहिलं होतं : मालकांचे निधन झाल्याने दुकान आज बंद. दूध मागच्या दाराने मिळेल.