सिगारधारकांसाठी पावसाळी सूचनापत्र
विषय : मुंबई व कोकणपट्टीतील सिगारधारकांनी जून ते सप्टेंबर या काळात घ्यावयाची दक्षता.

१. ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, घरी आणताच सोबतचे माहितीपत्रक बाजूला ठेवावे. ते हिवाळ्यात हीटर लावून बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असते आणि पदोपदी पाणी घालायला सांगते. जुलैत दादरला ते खाते आभाळाकडे असते.

२. पेटीत आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश राखावे. घरातल्या ज्येष्ठांनी एसी मागितल्यास विजेचे बिल दाखवावे; सिगारींना तो न मागता द्यावा.

३. आर्द्रतामापक खरे बोलतो का, हे तपासावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालावे. मिठाचा चिखल व्हावा, खारे पाणी नव्हे. झाकण व मापक हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावेत. काटा ७५ वर यायला हवा. ७० वर अडला, तर यापुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवावेत. बरणीतले मीठ आधीच ओलावलेले असल्याने पाण्याची बचत होईल.

४. पेटीत ६५ टक्क्यांची आर्द्रता-पुडी ठेवावी. जास्तीचा ओलावा ती शोषते, कमी पडल्यास सोडते. एवढे समजूतदार घरात दुसरे कोणी नसते.

५. पारा २४-२५ अंशांवर गेला की तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात. पानावर टाचणीएवढी भोके दिसताच सिगारी दुहेरी पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. थेट बाहेर काढल्यास वरचे पान तडकते. पिशवीची गाठ पक्की असावी. शेजारच्या सुरमईचा वास तंबाखूला चटकन लागतो.

६. पेटीचे अस्तर सेड्रेलाचे, म्हणजे कडुनिंबाच्याच कुळातल्या लाकडाचे असते. ते पुरेसे सुवासिक आहे. सासूबाईंनी आपुलकीने टाकलेली डांबरगोळी आदरपूर्वक परत करावी.

७. हिरवट लव दिसल्यास ती बुरशी समजावी. पाहुण्यांना तिचे वर्णन ‘मुरलेली सिगार’ असे करू नये.

८. नागपूरकरांनी मे महिन्यात कलम १ उलटे वाचावे व डिस्टिल्ड वॉटर वापरावे, नळाचे नको.

९. वरील सूचना काटेकोर पाळणाऱ्यास सिगार ओढायला सवड उरत नाही. पाकिटावरच्या इशाऱ्याला जे साधले नाही, ते आर्द्रतामापकाने साधल्याची संबंधितांनी नोंद घ्यावी.