जादा गाडीतला संदीप पाटील

1983 च्या जूनमध्ये भारताने वर्ल्ड कप जिंकला आणि सप्टेंबरमध्ये आम्ही गणपतीला गावी निघालो. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. माझं नव्हतं. मी पंधरा वर्षांचा होतो आणि जगात जे काही घडत होतं, ते माझ्यासाठीच चाललं आहे अशी माझी खात्री होती.

माझा हिशोब सरळ होता. संदीप पाटील शिवाजी पार्कचा. आदल्या वर्षी मँचेस्टरला त्याने बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार ठोकले होते आणि आता वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला त्याच मैदानावर नाबाद 51 काढून तो परतला होता. शिवाजी पार्क आमच्या लालबागहून चालत तासाभरावर. म्हणजे मी आणि भारतीय संघ यांच्यामध्ये फक्त दादर होतं. आणि दहावी.

घरचा हिशोब वेगळा होता. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हापासून बाबांचे साचे बंद होते. अडीच लाख कामगार घरी बसले होते, त्यातले कितीतरी गावी जाऊन शेतात उतरले होते. बाबा मात्र मुंबईतच राहिले. सकाळी भायखळ्याहून भाजी आणून नाक्यावर विकायची आणि संध्याकाळी चाळीच्या जिन्यात बसून डॉक्टरसाहेब काय म्हणाले यावर चर्चा करायची, असा त्यांचा दिनक्रम. डॉक्टरसाहेब म्हणजे दत्ता सामंत. त्यांनी मागितलेली पगारवाढ मिळाली की आपण काय काय घ्यायचं, याची यादी जिन्यात रोज वाढत जाई. कोणी फ्रिजपर्यंत पोहोचला होता. मी लॉर्ड्सवर पोहोचलेलो असल्यामुळे मला ती माणसं भाबडी वाटायची.

अशा वर्षी गावी जायला पैसे कुठून आले, हे आईने कधी सांगितलं नाही. पण कोकणातला माणूस गणपतीला गावी गेला नाही तर तो एक तर आजारी असतो किंवा तुरुंगात. आम्ही दोन्ही नव्हतो. तेव्हा चाळीतल्या मंडळींबरोबर आम्हीही परळहून सुटणाऱ्या जादा गाडीत बसलो. लाल गाडी, टपावर ट्रंका, वळकट्या, मखराचे पुठ्ठे आणि कोणाची तरी शिवणाची मशीन.

माझ्या हातात बॅट होती. चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेली, सुट्टीत सांभाळायला माझ्याकडे आलेली. डोक्यावर पांढरी टोपी. मनात मी टीमबरोबर दौऱ्यावर निघालो होतो. बस हॉटेलहून मैदानाकडे चालली होती. बाहेर टाळ्या वाजत होत्या. त्या खरं म्हणजे कंडक्टरच्या होत्या. तो डब्यावर पंच आपटत "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत होता.

"ती फळी ठेव खाली आणि ही पिशवी धर," आई म्हणाली.

पिशवीत नारळ होते. कोकणात नारळ घेऊन जाणारी माणसं आम्हीच असू, असं मला वाटलं. पण गाडीत निम्म्या पिशव्यांत तेच होते. कोणीतरी देवाला बोललेलं असतं आणि बोललेला नारळ मुंबईचाच लागतो. ती पिशवी मांडीवर घेऊन मी सीटवर बसलो. अशा अवस्थेत माणूस कव्हर ड्राइव्ह मारू शकत नाही, मनातल्या मनातसुद्धा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. समोरच्या चाळीतली एक मुलगी तिच्या मोठ्या आईबरोबर आमच्या दोन सीट पुढे बसली होती. नववीत होती. तिने मला एकदाही पाहिलं नव्हतं, पण तिने पाहिलं तर मी कसा दिसायला हवा याची मी पनवेलपर्यंत तयारी केली. कोपर खिडकीवर, नजर दूर, जरासा थकलेला चेहरा. पेण आलं, आणि आई उभी राहून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणाकडे लिंबू आहे का हो? आमच्या ह्याला गाडी लागते."

एका क्षणात तीन लिंबं, दोन आल्याच्या वड्या आणि एक आवळा माझ्या दिशेने आला. मागून कोणीतरी "खिडकीत बसवा त्याला" म्हणालं, दुसरा म्हणाला "खिडकीत नको, मागच्यांवर येईल." यावर वडखळपर्यंत चर्चा चालली. कपिल देवला गाडी लागत असेल का, हा विचार मला पहिल्यांदा तेव्हा सुचला. आईने माझ्या हातात एक रिकामी पिशवी दिली. आता माझ्याकडे दोन पिशव्या होत्या.

महाडला सावित्री आली. आजीने नाणं मागितलं. नदी आली की पाण्यात नाणं टाकायचं, ही तिची रीत. बाबांनी दहा पैसे दिले. पुढच्या नद्या त्यांना तोंडपाठ होत्या: खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. संपाच्या वर्षी एवढ्या नद्या परवडत नाहीत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "पुढच्यांना नुसता नमस्कार कर," ते म्हणाले. आजी म्हणाली, "नदयेक संप कसो सांगतलंस?" पुढच्या नदीलाही नाणं गेलंच.

खरी गंमत पोलादपूरनंतर झाली. गणपतीत गाड्या कमी पडतात म्हणून लांबलांबच्या डेपोंतून गाड्या आणि ड्रायव्हर येतात. आमचा ड्रायव्हर बीडकडचा होता. माणूस शांत, हात पक्का. पण त्याने कशेडी घाट आयुष्यात पाहिलेला नव्हता. पाऊस लागला होता, ढग रस्त्यावर उतरले होते. त्याने गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि विचारलं, "हितून पुढं कसं हाय? वाटंची माहिती कुणाला हाय का?"

हीच ती घडी. मी दोन वर्षं हिची वाट बघत होतो. मनात मी उठलो, नारळ बाजूला सारले, केबिनमध्ये गेलो आणि गाडीतल्या साठ जणांचे प्राण... प्रत्यक्षात माझ्या शेजारून बाबा उठले.

शर्ट नीट करून ते केबिनशी गेले, दांड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "चला. मी सांगतो." पुढचा सगळा घाट त्यांचा आवाज ऐकू येत होता. "आता डावीकडे. हॉर्न द्या. समोरून ट्रक आहे, द्या त्याला. आता सरळ, आता एकदम उजवी." ड्रायव्हर "व्हय मामा, व्हय मामा" म्हणत होता. दीड वर्ष बाबांना कोणी भाजीच्या भावाखेरीज काही विचारलं नव्हतं. आता साठ माणसं त्यांच्याकडे बघत होती. वर घाटातल्या देवाला एक नारळ द्या, असंही त्यांनीच सुचवलं आणि माझ्या पिशवीतला एक नारळ गेला. मांडी तेवढी हलकी झाली. पण त्या मुलीने कौतुकाने पाहिलं ते माझ्या वडिलांकडे. याबद्दल मी त्यांना बरीच वर्षं माफ केलं नव्हतं.

आणि मग त्याच मुलीला मळमळायला लागलं.

आईने क्षणभरही विचार केला नाही. माझ्या हातातली रिकामी पिशवी ओढून तिने पुढे दिली. मागोमाग लिंबं, वड्या, आवळा, सगळा साठा गेला. घाट अजून उरला होता, गाडी वळणावर वळणं घेत होती, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने अशा वेळी काय करावं याचं मार्गदर्शन कोणीही करत नव्हतं. माझ्यापाशी नारळाची पिशवी, एक बॅट आणि एक पांढरी टोपी होती. नारळ देवाचे होते. बॅट वर्गणीची होती.

टोपी माझी होती.

तिने मागे वळून पाहिलं. पूर्ण प्रवासात ते एकदाच. बाबांनी केबिनमधून आवाज दिला, "साहेब, जरा थांबवा, पोरांना त्रास होतोय," आणि गाडी थांबली. सगळे उतरले, पाय मोकळे केले, मला आशीर्वाद दिले. माझ्यामुळे त्यांना चहा मिळाला होता.

पुढचा रस्ता फार सांगण्यासारखा नाही. खेडनंतर अंधार पडला, चिपळूणला कोणीतरी डबा उघडला, हातखंब्याला सगळी गाडी झोपली होती. खारेपाटणच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरलो तेव्हा पहाट होत होती. फाट्यावरून गाव दोन कोस. बाबांनी सामानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बॅटकडे. बॅटच्या मधोमध नारळांची पिशवी आणि वळकटी अडकवली, एक टोक त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या. दुसऱ्या हातात ट्रंक. संदीप पाटीलच्या बॅटवर कधी एवढं ओझं आलं असेल, असं वाटत नाही. वाटेत मी त्यांना वर्ल्ड कपची गोष्ट सांगायला घेतली. झिंबाब्वेविरुद्ध आपण 17 धावांत 5 बाद होतो, कपिलने नाबाद 175 काढल्या, पण त्या खेळीचं चित्रणच झालं नाही. बीबीसीवाल्यांचा त्या दिवशी संप होता असं म्हणतात.

बाबा थांबले. बॅट खांद्यावरून घसरली. "मिटला का त्यांचा?" त्यांनी विचारलं.

बाबांचा मिटला नाही. गिरण्यांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कोणी जाहीर केलेलं नाही. बॅटचं म्हणाल तर घरी पोहोचल्यावर मी ती ओसरीवर टेकवली आणि झोपलो. उठलो तेव्हा विहिरीवरून धपधप आवाज येत होता. काकी बाबांचं धोतर धोपटत होती. मला बघून म्हणाली, "मुंबयसून धोपाटणां बरां हाडलंस रे!" तिचा स्ट्रोक मात्र चांगला होता, मनगट वापरत होती.

आता काळ बदलला. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण मार्गावर धावते, कशेडीला बोगदा झाला, आणि वळणं कुठे आहेत हे ड्रायव्हरला मोबाईल सांगतो, तेही कोणाच्या वडिलांचा शर्ट नीट न करता. गणपतीची गर्दी तेवढी तशीच आहे. यंदा तुम्हीही निघणार असाल आणि बरोबर पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल, तर एवढं करा: पिशव्या दोन घ्या, लिंबाचं सगळ्या गाडीला विचारू नका, आणि नारळ तुमच्या मांडीवर ठेवा.