आखो जाड करी दे!

खान्देशात माणसाचं वजन जोखायला काटा लागत नाही. वाढदिवसाच्या बॅनरवर त्याच्या नावाला किती जाड आउटलाइन आहे, तेवढं बघावं. ही जाडी वाटून देणारा माणूस जळगावात गोलाणी मार्केटच्या कुठल्यातरी जिन्याशेजारी बसलेला असतो. धुळ्यात आग्रा रोड सोडून नंबराच्या एखाद्या गल्लीत शिरलं की सापडतो. दुकानाच्या पाटीवर ‘ग्राफिक्स’ असतं, लोक त्याला डिझायनर म्हणतात आणि तो सगळ्यांना ‘भो’ म्हणतो. गिऱ्हाईक आत आलं तरी तो मान वळवत नाही. आवाजावरून माणूस, माणसावरून गट आणि गटावरून पार्श्वभूमीचा रंग त्याला कळतो. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलच्या बटणावर कायमची मुक्कामाला. जेवणाच्या सुट्टीतही ती तिथून उठत नाही.

गिऱ्हाईकाची मागणी एकच: ‘नाव दखायले पाहिजे.’ नाव आधीच दोन फूट उंच असतं, रस्त्यापलीकडच्या आंधळ्यालाही चुकणार नाही असं. तरी मागे खुर्ची ओढून बसलेला माणूस स्क्रीनला बोट लावून म्हणतो, ‘आखो जाड करी दे!’ म्हणजे आणखी जाड कर. डिझायनर आकडा वाढवतो. पिवळं अक्षर, त्याला लाल कड, लालच्या बाहेर पांढरी, पांढरीच्या बाहेर काळी आणि मग सावली. त्याच्या मते दोन कडांच्या आतलं नाव म्हणजे नुसतं रिकामं पाकीट. आहेर चारपासून सुरू होतो.

हा षौक त्याने काढलेला नाही. फ्लेक्स यायच्या आधी पाट्या रंगवणारे पेंटर हेच करत. आधी अक्षर भरायचं, मग बारीक ब्रशने श्वास रोखून कड ओढायची, मग उजवीकडे खाली सावली. फरक एवढाच की पेंटरला प्रत्येक कडेचा रंग आणि वेळ लागायचा, म्हणून तो एका कडेवर थांबायचा. फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं, त्यात लेयर 1994 साली आले, तरी पुढे कित्येक वर्षं एका लेयरला एकच स्ट्रोक, म्हणजे एकच कड, लावता यायची. दुसरी कड हवी तर लेयरची नक्कल करा, मागे सरकवा, तिला जास्त जाड स्ट्रोक द्या. या कटकटीमुळे खान्देशाची अभिरुची बरीच वर्षं आटोक्यात राहिली. 2015 च्या आवृत्तीत स्ट्रोकच्या नावापुढे अधिकचं एक बारीक चिन्ह आलं. ते दाबत गेलं की एकाच लेयरला दहापर्यंत कडा मिळतात. अमेरिकेत ज्या कुणी हा निर्णय घेतला, त्याने धुळ्याचा विचार केलेला नसावा.

धुळ्याच्या ‘ध’चा तर मुळीच नाही. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ डाव्या बाजूला तुटलेली असते. त्या फटीवरच त्यांची अब्रू टिकून आहे. पिवळ्या अक्षराला सोनेरी कड दिली आणि ती जाड करत नेली की फट बुजते. लांबून बघणाऱ्याला ‘धुळे’चं ‘घुळे’ आणि ‘भाऊ’चं ‘माऊ’ दिसतं. चौकात बारा फुटांवर हात जोडून उभ्या असलेल्या, मिशीला पीळ दिलेल्या माणसाखाली ‘आपले लाडके माऊ’ वाचलं, की मला शुभेच्छा द्याव्यात की दूध, हे कळत नाही. डिझायनरला हे दाखवलं तर तो म्हणतो, ‘लोकं वाचत नाही भो, फोटो पाहता.’

फोटोशॉपऐवजी कोरल वापरणाऱ्याचा ताप आणखी निराळा. शिरोरेषा आपल्याला सलग दिसते, कोरलला मात्र प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन आलेलं दिसतं. आउटलाइन दिली की जोडाजोडावर उभ्या चिरा पडतात. मग नावाचं कर्व्ह करा, वेल्ड मारून तुकडे सांधा. सांधल्यावर ते नाव म्हणजे नुसती आकृती उरते, त्यात टाइप करून बदल होत नाही. नेमकं त्याच क्षणी मागची खुर्ची बोलते, ‘पाटलांच्या आधी आबासाहेब राहिलं ना.’

खरं कसब मात्र अक्षरांत नाही, फोटोंत आहे. एका बॅनरवर चाळीस शुभेच्छुक म्हणजे चाळीस लेयर. फोटो लग्नातले, आधार कार्डावरचे, ट्रॅक्टरवर बसलेले. ते कापताना कुणाचा कान जातो, कुणाच्या भांगात मंडपाची झालर राहते. इलाज एक: भोवती पांढरी आउटलाइन. कापण्याचं पाप तिच्याखाली झाकलं जातं आणि वर माणूस रुबाबदार दिसतो. एका फोटोची स्टाइल उचलून तो ती उरलेल्या एकोणचाळीस जणांवर एका दमात टाकतो. समता म्हणतात ती हीच. पण फोटो लहान केला तरी त्याची कड आपोआप बारीक होत नाही, आणि तिथे भांडण लागतं. कोपऱ्यातल्या शाखाध्यक्षाच्या एवढ्याशा तोंडाला तेवढीच कड, म्हणजे नजरेला साहेबांपेक्षा जाड! म्हणून चांगला डिझायनर पायरी सांभाळतो: साहेबांना वीस पिक्सेल, दादांना बारा, बाकीच्यांना चार. हा तक्ता कुठे लिहिलेला नाही. कुणाला कधी बढती मिळाली, हे पक्षाच्या कार्यालयाआधी या दुकानात कळतं.

आणि कुणी गट सोडला हेही. ‘त्याचा फोटो काढून टाक,’ असा फोन येतो. डिझायनर तो लेयर कधीच डिलीट करत नाही. लेयरच्या नावाशेजारी डोळ्याचं चित्र असतं, त्यावर टिचकी मारून डोळा बंद करतो. माणूस बॅनरवरून गायब, फाइलमध्ये जागच्या जागी, आउटलाइनसकट. ‘निवडणूक आली की येतो परत,’ तो शांतपणे सांगतो. खान्देशातल्या राजकारणावर याहून मुद्देसूद भाष्य मी कुठल्या अग्रलेखात वाचलेलं नाही.

कामाचा हंगाम म्हणाल तर कानबाई, पोळा, गणपती आणि कुणाचा तरी वाढदिवस, जो रोजच असतो. मधल्या वेळात यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्यांची चित्रं. तिथे आउटलाइन मोबाइलवर दिसली पाहिजे म्हणून आणखी जाड. 2018 साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, ते रास्तच झालं. पण ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ एका ओळीत बसवून वर दोन कडा मागणारं गिऱ्हाईक आलं की तो पहिल्यांदा खुर्चीतून उठतो आणि चहा सांगायला बाहेर जातो.

एकदा त्याच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक आले. व्याख्यानमालेचं बॅनर होतं. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, बाकी काही नको; आउटलाइन तर नकोच नको. डिझायनर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. ‘सर, छापायचं राहून गेलं असं वाटेल.’ सर ऐकेनात. शेवटी त्याने मान डोलावली, खटाखट बटणं दाबली, फाइल छपाईला पाठवली. सर खूश होऊन गेले. मी विचारलं, ‘खरंच काही लावलं नाहीस?’

‘लावली ना,’ तो म्हणाला. ‘सहा पिक्सेल. पांढरी.’