दोन इमजार आणि वीस किलोंची सवलत

मोस्ता, माल्टा
20 एप्रिल

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे आखलेलं वेळापत्रक व्हॉट्सॅपवर पोचलं. ते बघून मनाली एवढंच म्हणाली, "बाबा रिटायर झाले असं कोण म्हणतं?" पहिल्या दिवशी सकाळी व्हॅलेटा, दुपारी इमदीना, संध्याकाळी गोझो बेट. दुसऱ्या दिवशी 'उर्वरित देश'. तिसऱ्या दिवसापासून बारा दिवस 'आराम'.

बाबा, कागदावर हिशेब चोख आहे. देश 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मा. मोठ्या बेटाची लांबी 27 किलोमीटर. चिपळूणहून निघालो तर गुहागर यायच्या आत देश संपेल. पण इथे दोन वर्षं राहून सांगतो, संपत नाही. का ते फोनवर सांगायला गेलो की तुम्ही मधेच "हो हो, कळलं" म्हणता, म्हणून लिहून पाठवतोय. छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. त्याच पाकिटात परतीचं तिकीट आणि तीस हजार युरोंच्या प्रवास-विम्याचा कागदही असू द्या. विमानतळावर विचारलं तर आईच्या पिशवीच्या तळातून उपसावं लागायला नको.

आधी बस, कारण तुम्ही आधी तेच विचारणार. इथे रेल्वे नाही. 1883 ते 1931 व्हॅलेटाहून इमदीनाकडे एक छोटी आगगाडी जायची, ती बंद पडली. आता सगळी भिस्त बसवर. कंडक्टर नाही (बाबा, शांत व्हा). तिकीट ड्रायव्हरच देतो, अडीच युरोंच्या आसपास, आणि ते दोन तास चालतं. तेवढ्या वेळात बस बदलली तरी नवं काढावं लागत नाही. मोटारी आपल्यासारख्याच डावीकडून जातात, ही 1964 पर्यंत असलेल्या इंग्रजांची कृपा.

थांब्यावर नुसतं उभं राहिलं म्हणून बस थांबत नाही. 'हात दाखवा, एसटी थांबवा' ही तुमची योजना इथे रोज चालते, फरक इतकाच की हात थांब्यावरच दाखवायचा. आणि गाडी भरलेली असली की हात दाखवूनही ती पुढे जाते. जाताना ड्रायव्हर बोटाने 'मागून येतेय' अशी खूण करतो. या खुणेचा खरा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. ड्रायव्हर पुष्कळदा आपल्याच देशातला निघतो. निघाला तर त्याला डेपो कुठला, ड्यूटी किती तासांची, ओव्हरटाइम मिळतो का, हे विचारत दारात उभे राहू नका. मागे रांग असते.

बसच्या पाट्यांवरची नावं हे वेगळंच प्रकरण. माल्टी भाषा मुळात अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. त्यामुळे 'दिन्या' म्हणजे दुनिया आणि 'क्तीब' म्हणजे किताब हे आत्याला सुद्धा कळेल, पण वाचताना एक्सचा उच्चार 'श' करायचा हे कळायला आम्हाला महिना लागला. त्याहून वाईट म्हणजे, एवढ्याशा देशात एकाच नावाची दोन-दोन गावं आहेत. रबात दोन आणि इमजारही दोन. एक इमजार म्हणजे गोझो बेटावरचं बंदर, दुसरं मोठ्या बेटावर शेतांमधलं गाव. पहिल्याच महिन्यात आम्ही गोझोची बोट पकडायला सई, स्ट्रोलर आणि डब्यातल्या पुऱ्यांसकट दुसऱ्या इमजारला उतरलो. समोर भलंमोठं चर्च, समुद्राचा पत्ता नाही. एका आजोबांना "बोट?" असं विचारलं, तर त्यांनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं तुम्ही कराडच्या गाडीत बसून गणपतीपुळे विचारणाऱ्याकडे बघायचात.

तर नीट लिहून घ्या: गोझोला जायचं तर बस चिरकेवाची. तिथून बोट पंचवीस मिनिटांत पलीकडे नेते. जाताना तिकीट कोणी मागत नाही. बाबा, तुम्ही काउंटर शोधत फिराल म्हणून मुद्दाम सांगतो, तिकीट फक्त येताना काढायचं. बेटावर गेलेला माणूस परत येणारच, या भरवशावर हा कारभार चालतो. तिथली जगन्तीयाची दगडी देवळं इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी आहेत. समुद्रातली ती सुप्रसिद्ध दगडी कमान मात्र शोधू नका, ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली. दुकानांतल्या पोस्टकार्डांवर अजून उभी आहे.

व्हॅलेटाला आईच्या गुडघ्यांसाठी वेगळा दिवस ठेवलाय. अख्खं शहर पायऱ्यांचं. इंग्रज कवी बायरन 1811 मध्ये इथून गेला तो निरोपाच्या कवितेत या पायऱ्यांना शिव्या घालूनच, आणि त्याचा एक पाय अधू होता हे लक्षात घेता मी त्याच्या बाजूचा आहे. बंदरापासून वर बागेपर्यंत 58 मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती सोडायची नाही. सेंट जॉनच्या चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, म्हणजे साडीवाल्यांना प्रश्न नाही. टोकदार टाचा मात्र चालत नाहीत, कारण पायाखालची संगमरवरी फरशी म्हणजे सरदारांची थडगी आहेत. आत कॅराव्हॅज्जिओचं 1608 सालचं प्रचंड चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. सही त्यानं चित्रातल्या रक्तात केलीय. विषय मुंडकं उडवण्याचा आहे, आत्याला आधी कल्पना द्या.

इथल्या बऱ्याच चर्चांवर दोन घड्याळं असतात आणि त्यातलं एक मुद्दाम चुकीचं. सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून, असं गावकरी सांगतात. बसवाले त्यातलं नेमकं कुठलं बघतात, ते तुम्ही येऊन ठरवा. आमच्या मोस्ताच्या चर्चचा घुमट 9 एप्रिल 1942 ला जर्मन बॉम्बनं भोसकला. आत माणसं प्रार्थनेला जमलेली, बॉम्ब आला आणि फुटलाच नाही. त्याची प्रतिकृती बघायला मिळते. घरापासून पाच मिनिटांवर, पायऱ्या कमी.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण बरंचसं समुद्राचं खारेपण काढून केलेलं, त्यामुळे चहा बिघडतो. आम्ही बाटलीतलं आणतो. खायला पास्तीत्सी म्हणून खारीच्या पाऱ्यांसारखा प्रकार आहे, आत चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. आत्या माळकरी, म्हणून वाटाण्याचासुद्धा विचारून घ्यायचा, पाऱ्यांत चरबी घालायची जुनी रीत आहे. चार्जरला इंग्लंडची चौकोनी तीन काड्यांची पिन लागते, ती इथे घरात आहे, घेऊ नका.

आता बांधाबांध. दुधाचा कुठलाही पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाही. पेढे नाहीत, तूप नाही, खव्याच्या पोळ्याही नाहीत. कढीपत्ता नाही. विमान दुबईला बदलायचंय, तिथे खसखस जवळ सापडणं हा गुन्हा आहे, तेव्हा आत्याचे अनारसे घरीच. आणि आई, आंबे नाहीत. दाखल्याशिवाय चालणारी फळं फक्त पाच: केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण त्यानं हापूस खाल्लेला नाही एवढं नक्की.

सईला आजोबांच्या शिट्टीचं वेड लागलंय. ती मात्र हातातल्या पिशवीत टाका.

तुमचा,
मंदार

ता. क. आई, मी मनाली. ह्यांनी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही, कारण ह्यांना वासाची भीती. सुक्या मासळीला माणशी वीस किलोंपर्यंत परवानगी आहे, मी नियम दोनदा वाचला. किलोभर सोडे आणि थोडे बोंबील तिहेरी पिशवीत बांधा. बाबांच्या बॅगेत ठेवा, आत्याच्या नको.