मोठे आठ, छोटे दोन

कोकणात पाहुण्यांना खोल्या देण्याचा धंदा एका प्रश्नापासून सुरू होतो: "किती जण आहात?" प्रश्न सरळ आहे, उत्तर सहसा सरळ येत नाही. "मोठे आठ आणि छोटे दोन," असं फोनवर ठरतं. शनिवारी दुपारी दोन गाड्यांतून अकरा माणसं उतरतात आणि दोन छोट्यांपैकी एकाला मिसरूड फुटलेलं असतं. दारात उभे असलेले काका "या, या" म्हणतात. काकू काही न बोलता आत जाऊन आणखी दोन वाट्या तांदूळ धुवायला घेतात.

हे काका-काकू दिवेआगरचे म्हणा, गुहागरचे म्हणा, नाहीतर तारकर्लीचे. समजुतीसाठी दिवेआगरचेच धरू, कारण या धंद्याची तिथली जन्मकथा नोंदलेली आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. दर्शनाला रीघ लागली. आलेल्या माणसाला भूक लागते, आणि उशीर झाला की पाठही टेकायची असते. तेव्हा कुणी पडवीला दार बसवलं, कुणी वाडीच्या कडेला दोन खोल्या काढल्या आणि बाहेर पाटी लागली: 'घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय'. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा गेला. २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. त्याआधी ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. नवी सुपारी धरायला वर्षं लागतात. खोलीचं भाडं शनिवारी लावलं की रविवारी हातात येतं. घरोघरी पाट्या वाढल्या यात नवल काही नाही.

मग अ‍ॅप आलं.

अ‍ॅपची जन्मकथाही काकांना आवडेल अशी आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझायनरांची परिषद भरली होती आणि हॉटेलं भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडं देणं जड जात होतं. त्यांनी दिवाणखान्यात हवेच्या तीन गाद्या फुगवल्या आणि रात्रीला ८० डॉलर, वर न्याहारी, असा दर लावला. तीन पाहुणे आले. त्यांतला एक भारतीय विद्यार्थी होता: अमोल सुर्वे. आडनाव ऐकल्यावर कोकणातला कुठलाही घरमालक "मूळ गाव कुठलं?" असं विचारल्याशिवाय राहणार नाही. मुद्दा असा, की पुढे एअरबीएनबी झालेल्या कंपनीची पहिली बुकिंगं थेट घरमालकाशीच झाली होती. मधे कुणी नव्हतं, कमिशन नव्हतं, आणि न्याहारी घरमालकच देत होते. म्हणजे कोकणात जे चाललं होतं तेच. फक्त सॅन फ्रान्सिस्कोत मोदक नव्हते.

मधला माणूस आला की हिशेब कसा फिरतो तो पाहण्यासारखा आहे. काकांना खोलीचे २,००० रुपये हातात हवेत. अ‍ॅपचं कमिशन १८ टक्के धरलं, तर तिथे दर साधारण २,४४० लावावा लागतो. काकांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्यामुळे त्यांना स्वतःला जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण तीच खोली अ‍ॅपवरून विकली की कायद्याने कर भरायची जबाबदारी अ‍ॅपवर येते, आणि अ‍ॅप तो पाहुण्याकडून घेतं. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. झाले २,५६०. खोली तीच, पंखा तोच, पंख्याचा आवाजही तोच.

यावर पाहुणा हुशारी करतो. अ‍ॅपवर फोटो बघतो, नाव टिपून घेतो, नकाशावर नंबर शोधतो आणि फोन लावतो: "काका, तिकडे अडीच दाखवतायत. आम्हाला दीडला द्या." मधल्या माणसाचा वाटा वाचला तर तो दोघांत वाटून घ्यावा, इतकं सरळ गणित आहे. पाहुण्याला मात्र तो सगळा हवा असतो आणि वर काकांच्या खिशातले पाचशेही. काका अशा वेळी "लाईट गेली, आवाज येत नाहीये" असं म्हणतात. कोकणात हे कुणालाही खरं वाटतं.

दर कुठे किती लावायचा यावरही मोठ्या कंपन्यांचा डोळा असतोच. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलवाल्याने दुसरीकडे, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, कमी दराने खोली विकू नये अशा अटी करारांत होत्या. आपल्याच घराची खोली आपल्याच तोंडाने स्वस्त सांगायची नाही! काकांना हे कुणी समजावून सांगितलं, तर ते आधी हसतील आणि मग आपल्या करारातली बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधतील.

थेट बुकिंगची सगळी यंत्रणा माजघराच्या भिंतीवर असते. तिचं नाव कालनिर्णय. हे कॅलेंडर १९७३ मध्ये जयंत साळगावकरांनी काढलं, आणि साळगावकर मालवणचे, हाही एक योग. मे महिन्याच्या पानावर एकादशी-संकष्टीच्या शेजारी काकूंच्या अक्षरात 'डोंबिवली ६, मासे', 'कोथरूड ४, कांदा-लसूण नाही' असं लिहिलेलं असतं. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे नुसतं विचारलंय, पेनाने लिहिलेलं म्हणजे अर्धे पैसे जीपे झालेत. पेन्सिलवाले रद्द करायला कधीच फोन करत नाहीत, शनिवार जवळ आला की त्यांचे फोन बंद लागतात. गोंधळ होतो तो वेगळाच. भाचा मुंबईत बसून अ‍ॅपवरचं कॅलेंडर सांभाळतो आणि काकू कालनिर्णय सांभाळतात. या दोघांची भेट गणपतीत होते. मधल्या काळात एकाच खोलीवर ठाणे आणि सोलापूर एकाच वेळी पोचलं, तर काका-काकू स्वतःची खोली देऊन ओटीवर झोपतात. अशी पाहुणचाराची सेवा कुठल्याही अ‍ॅपच्या यादीत नाही.

आणि पाहुणचार काही दारापासून सुरू होत नाही. पुण्यामुंबईचे लोक रात्री नकाशा लावून निघतात. नकाशा कधी कधी त्यांना मुरूडमार्गे आगरदांड्याच्या जेटीवर आणून सोडतो. समोर पाणी आणि पलीकडे दिघी. शेवटची फेरीबोट निघून गेलेली. "काका, रस्ता संपला!" असा फोन येतो. मग काका पुढचा दीड तास फोनवरून गाडी फिरवतात: "मागे वळा, उजवीकडे मारुतीचं देऊळ लागेल, तिथे कुणाला विचारू नका, लोक उलटंच सांगतात." तोवर काकूंनी आमटी तीनदा गरम केलेली असते. या फोनचं भाडं कुणी लावत नाही. कमिशन वाचतं असं आपण म्हणतो खरं, पण ते काकांच्या घशातून आणि काकूंच्या गॅसमधून वसूल होतं.

थेट बुकिंगची एक बाजू मात्र लपवण्यात अर्थ नाही. काका फोनवर पाहुण्याची स्थळ पाहिल्यासारखी चौकशी करतात. "कुठून येताय? फॅमिली आहे ना? आडनाव काय म्हणालात?" चार मित्र असतील तर काकांचं घर ताबडतोब हाउसफुल्ल होतं, मग तो जुलैतला मंगळवार का असेना. यामागे दारूच्या बाटल्या वेचल्याचा अनुभव आहे, हे कबूल. पण चौकशी आडनावापर्यंत गेली की ती बाटलीपुरती राहत नाही. अ‍ॅप पैसे घेतं आणि गप्प बसतं. ज्याला गावोगाव "कोण तुम्ही?" असं विचारलं जातं, त्याला ते १८ टक्के स्वस्त वाटत असतील तर त्याचं चुकत नाही. काकांनी याचा विचार करावा.

एरवी या फोनवरच्या बोलण्याला तोड नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत गावातल्या घरांतच उतरायचं असतं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, पण अंडी फुटली असतील तरच. शहरातला माणूस फोनवर विचारतो, "शनिवारी पिल्लं नक्की निघतील ना? आम्ही सुट्टी काढतोय." यावर 'सबमिट' दाबून उत्तर येत नाही. तिथली एखादी मावशी सांगते, "त्यांच्याकडे फोन नाही हो. तुम्ही या, दिसली तर तुमचं नशीब, नाही दिसली तर जेवण आहेच." पाहुणा येतो. पिल्लं न बघता परतला, तरी आमसुलं विकत घेऊन जातो आणि पुढच्या वर्षी त्याच नंबरावर फोन करतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत सहापर्यंत खोल्या चालतात आणि घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं लागतं. परदेशी पासपोर्टवाला मुक्कामाला आला तर २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. न्यू जर्सीहून आलेला माणूस "अहो, मी तर चिपळूणचाच!" म्हणाला तरी सुटका नाही. पासपोर्ट चिपळूणचा नसतो.

तेव्हा पहिल्यांदा जाताना अ‍ॅपवरून जायचं तर खुशाल जा, अनोळखी गावात त्याचा आधार असतो. दुसऱ्या खेपेला मात्र फोन करा. सांगितलेल्या दरात आणखी घासू नका, बारावीतल्या मुलाला मोठ्यांत मोजा, बेत रद्द झाला तर दोन दिवस आधी कळवा, आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. दुपारी दोन ते चार फोन करू नका. त्या वेळी काकू माजघरात झोपलेल्या असतात, आणि कालनिर्णय माजघरातच आहे.